इमामसाहेबांच्या ‘खिदमती’चा हिशेब

शाळेत शिष्यवृत्तीचे अर्ज भरून घेण्याचं काम दरवर्षी माझ्याकडे येतं. अर्जात एक रकाना असतो, पालकाचा व्यवसाय. त्याच्या खाली दुसरा, वार्षिक उत्पन्न. आमच्याकडचे पालक पहिल्या रकान्यात पटकन सांगतात: मजुरी, ड्रायव्हर, भंगार, फळांची गाडी. दुसऱ्यासाठी तहसीलचा दाखला आणतात. गेल्या वर्षी शेजारच्या एका गावातल्या मशिदीचे पेशइमाम नववीतल्या मुलीचा अर्ज घेऊन आले. पहिल्या रकान्यात मी ‘इमाम’ लिहिलं. दुसऱ्यापाशी ते अडखळले. म्हणाले, “सर, महिन्याला साडेसहा हजार मिळतात. पण तसं कुठं लिहिलेलं नाही.”

मी म्हटलं, “मौलाना, कमिटीकडून एक साधं पत्र आणा. आमच्याकडे इमाम आहेत, इतका पगार देतो, बस्स.”

आठ दिवसांनी ते रिकाम्या हाताने आले. सदर म्हणाले होते की लेखी काही देता येणार नाही, उद्या कुठे कायद्यात अडकलो तर? अकरा वर्षं ज्याच्या मागे उभं राहून गाव पाच वेळा नमाज पढतं, तो आपल्याकडे कामाला आहे एवढं कागदावर लिहून द्यायला गावाचा हात धजेना. मला राग आला तो सदरांचा नव्हे. राग आला तो या गोष्टीचा, की इमामसाहेबांना यात काहीच विचित्र वाटलं नव्हतं. ते हसून म्हणाले, “जाऊ द्या सर, अल्लाह मालिक आहे.”

अल्लाह मालिक आहेच. पण साडेसहा हजार अल्लाहने ठरवलेले नाहीत, कमिटीने ठरवलेत.

जरा हिशेब करू. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या मजुरीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. महिन्याचे २६ दिवस धरले तर ८,११२ रुपये होतात. हा सरकारने ठरवलेला अकुशल मजुराचा दर आहे, माती खोदायचा, बांध घालायचा. आठ-दहा वर्षं मदरशात घालवून कुरआन पाठ केलेला, अरबी व्याकरण, हदीस, फिकह शिकलेला माणूस आपल्या मशिदीत त्याहून कमी पैशात उभा असतो. आणि त्याला २६ दिवस नसतात, ३० असतात. फजरच्या आधी उठायचं, इशानंतर दिवे बंद करायचे. सकाळ-संध्याकाळ मोहल्ल्यातल्या मुलांना सबक द्यायचा. रात्री दोनला मय्यत झाली तरी दार त्यांचंच वाजतं. आठवड्याची सुट्टी नाही, आजारपणाची नाही. ईदला आपण मुलाबाळांत असतो आणि इमामसाहेबांचे म्हातारे आईवडील बिहारमधल्या किंवा यूपीतल्या गावी फोनची वाट पाहत असतात.

यावर लगेच उत्तर येतं: अहो, त्यांना जेवण असतं, खोली असते, नजराणा मिळतो. जेवण म्हणजे बारी. आज या घरचा डबा, उद्या त्या घरचा. डबा एका माणसाचा येतो. ज्या इमामाला बायको आणि तीन मुलं आहेत त्याने तो कसा वाटून घ्यायचा, हे बारी लावणाऱ्यांनी कधी विचारलेलं नाही. खोली म्हणजे वजूखान्याच्या बाजूचा दहा बाय दहाचा कोंदट कोनाडा, तोही नोकरी असेतोवर. आणि नजराणा? रमजानमध्ये तरावीहच्या शेवटच्या रात्री झोळी फिरवून जे जमतं ते. अकरा महिने कमी द्यायचं आणि बाराव्या महिन्यात सगळ्यांसमोर हार घालून पाकीट हातात ठेवायचं. पगार हा हक्क असतो, नजराणा मेहरबानी. आपल्याला मेहरबानी करायला आवडते.

या सगळ्यावर पांघरूण घालणारा एक शब्द आहे, ‘खिदमत’. इमामत ही नोकरी नव्हे, दीनची खिदमत आहे, असं आपण मोठ्या आदराने म्हणतो. या शब्दाची मला जुनी ओळख आहे. २००० साली राज्य सरकारने शिक्षणसेवक योजना आणली. पूर्ण पगाराचा शिक्षक नेमायचा नाही, तीन वर्षं ‘सेवक’ नेमायचा. प्राथमिकला महिन्याला ३,००० रुपये, माध्यमिकला ४,०००. मी बीएड करून लागलो तो ४,००० रुपयांवर. शेजारच्या वर्गातले सर तेच पुस्तक, तोच तास, तीच मुलं शिकवून माझ्या कितीतरी पट पगार घेत होते. फरक एवढाच की ते शिक्षक होते आणि मी सेवक. तेव्हा मी शिकलो की ज्याला कमी द्यायचं असतं त्याच्या कामाला आधी मोठं नाव दिलं जातं. २०२३ मध्ये ते मानधन वाढून १६, १८ आणि २० हजारांवर गेलं. त्यासाठी शिक्षकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, कोर्टात खेटे घातले. इमामाने मोर्चा काढला तर पुढच्या जुम्म्याला मुसल्ल्यावर दुसरा उभा दिसेल.

आता दीनी बाजू. इथे मी आलिम नाही, पण उर्दू शिकवतो, थोडंफार वाचलंय. इबादतीवर मजुरी घेणं योग्य नाही असं मानणारा मोठा विचार आपल्याकडे आहे आणि तो पोकळ नाही. अजान देण्याबद्दल मोबदला न घेणारा मोअज्जिन नेमावा, अशा अर्थाची हदीस आहे. हनफी मजहबच्या सुरुवातीच्या इमामांनीही कुरआन शिकवण्याची आणि इमामतीची उजरत नाजायज मानली होती. कमिटीतले लोक इतकंच लक्षात ठेवतात. पुढचं पान उलटत नाहीत. नंतरच्या हनफी फुकहांनी परिस्थिती पाहून हा निर्णय बदलला. बैतुलमालमधून उलेमांना मिळणारा आधार तुटला होता, घर चालवायला लोक दुसऱ्या धंद्याकडे वळू लागले होते, आणि असंच चाललं तर शिकवायला आणि नमाज पढवायला कुणी उरणार नाही असं त्यांना दिसलं. म्हणून इमामत, अजान आणि कुरआनची तालीम यांवर पगार घेणं त्यांनी जायज ठरवलं. आज देवबंदी असो की बरेलवी, पगारी इमामावर कुणाचाच एतराज नाही. वाद जायज-नाजायजचा उरलेलाच नाही, रकमेचा आहे. आणि रकमेची गोष्ट निघाली की आपल्याला पहिल्या शतकातला तकवा आठवतो.

पहिल्या शतकाचंच बघायचं तर हजरत अबू बक्र यांचा किस्सा प्रत्येकाने बयानात ऐकलाय. खलिफा झाल्यावर दुसऱ्याच दिवशी ते कापडाचा गठ्ठा घेऊन बाजाराला निघाले. हजरत उमर यांनी वाटेत अडवलं. घर कसं चालवू, असं अबू बक्र म्हणाले. मग त्यांचा वजीफा बैतुलमालमधून ठरवण्यात आला, घर चालेल एवढा. हा किस्सा आपण त्यांच्या साधेपणासाठी सांगतो. मला त्यात दुसरी गोष्ट दिसते. सवाल अबू बक्र यांनी केला, आणि उत्तर देणं ही बाकीच्यांनी आपली जबाबदारी मानली. कुणी म्हणालं नाही की खिलाफत तर खिदमत आहे.

“हे काम वक्फ बोर्डाचं आहे,” असं आमच्या बैठकीत कुणीतरी दर वेळी म्हणतं, आणि सगळे हायसे होतात. कायद्याने पाहिलं तर म्हणणं अगदीच चूक नाही. १९९३ मध्ये ऑल इंडिया इमाम ऑर्गनायझेशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. इस्लाममध्ये इमामत स्वेच्छेची असते, आमचं आणि इमामांचं मालक-नोकराचं नातं नाही, असं तेव्हा वक्फ बोर्डांचं म्हणणं होतं. पुन्हा तीच खिदमत! न्यायालयाने ते मानलं नाही. इमामांना मोबदला मिळाला पाहिजे, सहा महिन्यांत योजना करा, असं केंद्राला आणि केंद्रीय वक्फ परिषदेला सांगितलं. त्याला आता तीन दशकं उलटून गेली. नंदुरबार जिल्ह्यातल्या किती इमामांच्या हातात या निकालाचे पैसे पडले? मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांच्यापैकी एकाच्याही नाही. उलट पैसा जातो तो मशिदीकडून बोर्डाकडे. वक्फच्या निव्वळ उत्पन्नातून बोर्डाला ७ टक्के द्यावे लागत, २०२५ च्या दुरुस्तीने ते ५ टक्क्यांवर आणले. आणि आमच्या खेड्यातल्या मशिदीला उत्पन्न तरी कसलं? एखादं दुकान, त्याचं वीस वर्षांपूर्वीचं भाडं, आणि भाडेकरू कमिटीतल्याच कुणाचा तरी मेव्हणा.

राहिलं सरकार. पश्चिम बंगालमध्ये २०१२ साली सरकारने इमामांना महिन्याला २,५०० रुपये जाहीर केले. पुढच्या वर्षी कलकत्ता उच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले, मग ते पैसे वक्फ बोर्डामार्फत फिरवले गेले. २०२३ मध्ये त्यात ५०० वाढले. म्हणजे अकरा वर्षांत ३,००० रुपये, आणि त्याच्या बदल्यात अकरा वर्षं देशभर ‘तुष्टीकरण, तुष्टीकरण’ ऐकायचं. दिल्लीत वक्फ बोर्डाच्या इमामांचा पगार २०१९ मध्ये १८,००० झाला, आकडा चांगला होता. २०२४ च्या डिसेंबरमध्ये तेच इमाम दीड वर्षाच्या थकलेल्या पगारासाठी नेत्यांच्या दारात उभे होते. आपल्याकडे २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत इमामांना १५,००० द्या अशी मागणी एका उलेमा संघटनेने आघाडीकडे केली. मागणी पूर्ण होणं दूरच, तिचं पत्रक विरोधकांच्या प्रचारसभांमध्ये जास्त फिरलं.

मी सरकारी पगाराच्या विरोधात आहे, हे स्पष्टच सांगतो. कारण पैशाच्या मागोमाग माणूसही येतो. तुर्कस्तानात १९२४ पासून ‘दियानेत’ नावाचं सरकारी खातं आहे. इमाम सरकारी नोकर, पगार वेळेवर, पेन्शन पक्की. आणि जुम्म्याचा खुतबाही त्याच खात्यातून लिहून येतो. पगार सरकारचा हवा असेल तर खुतबाही सरकारचा ऐकायची तयारी ठेवा.

पण आज आपला इमाम मोकळा आहे का? या सगळ्या प्रकरणात मला सर्वात जास्त बोचणारी गोष्ट हीच आहे. ज्याच्याकडे नेमणुकीचा कागद नाही, ज्याला एका असरच्या नमाजनंतर “उद्यापासून नका येऊ” असं सांगता येतं, ज्याची खोली आणि डबा दोन्ही त्याच दहा माणसांच्या हातात आहेत, तो मिंबरवरून काय बोलेल? सदरांच्या मुलाच्या लग्नात हुंड्याची मोटारसायकल सजवून उभी असते, आणि निकाह पढवणारे इमामसाहेब नजर खाली घालून निकाहाच्या बरकती सांगतात. बहिणींना वारसाहक्क न देणारे लोक पहिल्या सफमध्ये असतात, म्हणून वारसाहक्काच्या आयती वर्षानुवर्षं बयानात येत नाहीत. आपण म्हणतो, मौलाना लोक समाजाच्या खऱ्या प्रश्नांवर बोलत नाहीत. साडेसहा हजारांत गप्प बसणं विकत मिळतं, बोलणं मिळत नाही.

आपल्या जिल्ह्यात हे व्हावं याचं तर जास्तच वाईट वाटतं. अक्कलकुवा आपल्याच जिल्ह्यात आहे. मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी यांनी तिथे उभी केलेली जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम देशभर माहीत आहे. गेल्या वर्षी मे महिन्यात मौलाना गेले. दीनी तालीम घेणाऱ्या मुलाला दुनियेची तालीमही मिळाली पाहिजे, या विचाराने त्यांनी मदरशाच्या जोडीला बीएड, इंजिनिअरिंगसारखी कॉलेजं काढली. हाफिज घडवणाऱ्या या जिल्ह्यात हाफिजाला मशिदीत टिकवून ठेवायला मात्र आम्ही कमी पडतो. माझ्या ओळखीचे दोन तरुण हाफिज, आवाज असा की ऐकत राहावं, आज एक सुरतला कापडाच्या गोदामात आहे आणि दुसरा मोटारसायकलवर पार्सलं पोहोचवतो. दुसरा मला म्हणाला, “सर, इथं निदान महिन्याच्या सात तारखेला मेसेज येतो पैसे जमा झाल्याचा.”

आणखी एक आकडा. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मदरसा आधुनिकीकरण योजनेतल्या शिक्षकांचं मानधन वाढवलं. डीएड झालेल्यांना ६,००० चे १६,०००, बीएड झालेल्यांना ८,००० चे १८,०००. चांगलं झालं, मी स्वतः बीएड आहे, तक्रार कशी करू? पण त्याच मदरशात, त्याच चटईवर, त्याच मुलांना कुरआन शिकवणाऱ्या हाफिजजींचे पैसे समाज देतो, आणि ते किती असतात हे सांगायला नको. गणित शिकवणाऱ्याची किंमत सरकारने केली १६,०००. कुरआन शिकवणाऱ्याची आपण काय केली?

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. वक्फ बोर्डाशी भांडायचं ते भांडत राहू, पण इमामाचा पगार जमातनेच ठरवायचा आणि जमातनेच द्यायचा. इमामाला किमान १६,०००, म्हणजे जेवढं सरकार डीएड झालेल्याला देतं तेवढं. मोअज्जिनला, ज्यांना आपण बांगीसाहेब म्हणतो आणि ज्यांच्याकडून झाडू-पोछाही करून घेतो, त्यांना रोजगार हमीच्या दराच्या खाली एक रुपया नाही, म्हणजे ८,५०० धरा. दोन्ही बँकेच्या खात्यात, ठरल्या तारखेला. नेमणुकीचं पत्र, वर्षाला महिनाभराची सुट्टी, काढायचं असेल तर तीन महिन्यांची नोटीस. रोकड मोजून हातावर ठेवणं बंद.

पैसे कुठून आणायचे? आता माझ्याच मोहल्ल्याचं सांगतो, कारण दुसऱ्याच्या मशिदीवर बोलणं सोपं असतं. मी स्वतः चार वर्षं कमिटीवर आहे. आमचे इमामसाहेब ८,००० घेतात आणि बांगीसाहेब ३,५००. त्या ठरावावर माझी सही आहे. आमच्याकडे १४० घरं आहेत, महिन्याची पट्टी १०० रुपये, तीही नव्वदेक घरं देतात. वीस घरं खरोखर देऊ शकत नाहीत, त्यांना सोडून द्या. उरलेल्या १२० घरांनी २०० रुपये दिले तर २४,००० होतात. वरचे ५०० आणि लाइटबिल जुम्म्याच्या गल्ल्यातून निघतं. दिवसाला सात रुपयेही नाहीत, चहाच्या टपरीवर एक कटिंगही येत नाही त्यात. लोक गरीब आहेत म्हणाल, तर मान्य. मिरचीच्या पथारीवर दिवसभर देठं खुडणाऱ्या बायाही आमच्या मोहल्ल्यात आहेत. पण त्याच मोहल्ल्याने तीन वर्षांपूर्वी मिनाराला नव्या टाइल्स बसवल्या तेव्हा दोन महिन्यांत साडेचार लाख जमले. त्या वेळी गरिबी आडवी आली नाही. टाइल्सवर देणाऱ्याचं नाव कोरता येतं, पगारावर येत नाही, असं मला वाटतं. कुणाला हे कडू लागलं तर लागू दे.

खरी अडचण छोट्या गावांची आहे. अक्राणी तालुक्यात, सातपुड्याच्या आत, पंधरा-वीस घरांची वस्ती असते. ती २०० प्रमाणे दिले तरी चार हजारांवर जात नाही. त्या गावाला १६,००० सांगणं ही थट्टा होईल. तिथे एकच उपाय दिसतो, मोठ्या मशिदींनी छोट्यांचा भार उचलायचा. नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर इथल्या ज्या मशिदींना दुकानांचं भाडं येतं त्यांनी त्यातला ठरावीक हिस्सा जिल्ह्याच्या एका सामाईक फंडात टाकायचा, आणि कमी पडणाऱ्या गावांची तूट त्यातून भरायची. यात नवीन काही नाही. इंग्लंडमध्ये गरीब खेड्यातल्या पाद्र्यांची हीच दशा होती. तिथे १७०४ मध्ये राणी ॲनने चर्चकडून राजाला जाणारा कराचा पैसा वळवून गरीब पाद्र्यांचं उत्पन्न वाढवण्यासाठी वेगळा निधी उभा केला. ख्रिस्ती लोकांचं उदाहरण देतोय म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी बैतुलमालचं घ्यावं, मुद्दा एकच आहे.

विम्याचंही बघा. वर्षाला ४३६ रुपयांत जीवनज्योती आणि २० रुपयांत सुरक्षा विमा मिळतो, दोन्हींत दोन-दोन लाखांचं कवच. विमा जायज आहे की नाही यावर मतभेद आहेत. ज्यांना तो नको त्यांनी इमामाच्या नावाने तेवढीच रक्कम फंडात बाजूला टाकावी. पण एखादे इमामसाहेब वारले की चौथ्या दिवशी त्यांच्या बेवेला खोली रिकामी करायला सांगण्यावर मतभेद नसावेत. चाळीशीच्या आतल्या बांगीसाहेबांना श्रमयोगी पेन्शनमध्ये नाव घालता येतं, वयाप्रमाणे महिन्याला ५५ ते २०० रुपये भरायचे, साठीनंतर ३,००० मिळतात.

एवढं दिल्यावर मागायचंही आपण. इमामसाहेबांना मराठी वाचता-बोलता आली पाहिजे. पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक असते, ग्रामसभा असते, मुलांची शाळा मराठीत असते. बयानातली पंधरा मिनिटं मराठीत झाली तर आमच्या नव्या पोरांना कळेल तरी. ही अपेक्षा साडेसहा हजारांत ठेवायला मला लाज वाटते, सोळात वाटणार नाही.

हा प्रस्ताव मी कमिटीत एकदा मांडलाय. सदरसाहेब म्हणाले, “सर, तुमचं बरोबर आहे, पण एकदा वाढवला की कमी करता येत नाही.” खजिनदार म्हणाले, आधी वजूखान्याचं काम होऊ द्या. इमामसाहेब दाराशी उभे होते. त्यांनी मला नंतर बाजूला घेऊन सांगितलं, “सर, माझ्यासाठी भांडू नका, माझंच अवघड होईल.” तेव्हा मी गप्प बसलो.

पुढची बैठक महिन्याच्या पहिल्या जुम्म्यानंतर आहे. या वेळी नेमणूकपत्राचा मसुदा उर्दू आणि मराठीत लिहून नेणार आहे, आणि सोबत टाइल्सच्या चंद्याची वही.